टेंभरीची सत्तेचाळीस नावं

९ मार्च १९७९ रोजी जयवंता थूल यांनी माझ्या टेबलावर ठेवलेलं प्रवासबिल अठ्ठावीस रुपये पंचेचाळीस पैशांचं होतं. वर्धा ते जाम एस.टी., जामहून टेंभरीपर्यंत भाड्याची सायकल, तीन दिवसांचा भत्ता, अंगठ्यासाठी शाईचं एक पॅड, दोन दस्ते कागद, आणि शेवटच्या ओळीत लिमलेटच्या गोळ्या, एक रुपया ऐंशी पैसे. मी त्या शेवटच्या ओळीवर लाल रेघ मारली आणि सव्वीस रुपये पासष्ट पैसे मंजूर केले.

"वासुदेवराव, गोळ्या मी नाही खाल्ल्या," त्या म्हणाल्या.

"मग कोणी खाल्ल्या?"

"सोळा पोरांनी. सगळ्यात धाकटं अकरा महिन्यांचं. त्याला नुसती चाटवली."

"प्रवासभत्त्याच्या नियमात गोळ्या बसत नाहीत."

"स्टेशनरीत बसवा."

"गोळ्यांवर लिहिता येत नाही, बाई."

"पण गोळ्यांशिवाय हे लिहिता आलं नसतं," असं म्हणत त्यांनी पिशवीतून आठ ताव काढून माझ्यापुढे ठेवले. टेंभरीच्या पाझर तलावावर माती वाहणाऱ्या सत्तेचाळीस बायांची ती यादी होती. प्रत्येकीचं नाव, नवऱ्याचं नाव, वय, मुलं किती, आणि समोर डाव्या हाताचा निळा अंगठा. "उद्या ही अर्जासोबत कचेरीत द्यायची आहे. एकदा तपासून सही करा."

ती यादी कशी झाली आणि पुढे तिचं काय झालं, हे सांगायचं तर आधी जयवंताबाई सांगाव्या लागतील.

आमचं ग्रामीण महिला व बाल सेवा मंडळ म्हणजे पिपरी मेघेला भाड्याच्या तीन खोल्या. मी तिथे लेखापाल आणि जयवंताबाई संशोधन सहायक, पगार दरमहा दोनशे पंचाहत्तर. त्या मूळच्या देवळीपासून चार कोसांवरच्या एका खेड्यातल्या. घर बौद्ध. १९५६ साली आईवडील दीक्षेसाठी नागपूरला गेले तेव्हा ही सहा वर्षांची मुलगी वडिलांच्या खांद्यावर होती. वडील सालगडी, आई कापूस वेचायला जायची. आई वेचणीला गेली की शेताच्या धुऱ्यावरच्या निंबाखाली दोन लहान भावांना सांभाळायचं काम हिच्याकडे. आठवड्यातून तीन दिवस शाळा, तीन दिवस निंब. चौथीत असताना गुरुजींनी हजेरीपटावरून नाव कमी केलं. पुढच्या वर्षी आईनं धाकट्याला पाठीशी बांधून कापूस वेचला आणि ही पुन्हा चौथीत जाऊन बसली.

"माझं एक वर्ष झाडाखाली आहे," असं त्या सांगायच्या. तक्रारीचा सूर नसायचा. एखादी वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावं तसं सांगायच्या.

१९७३ साली त्या नागपूरहून समाजशास्त्रात एम.ए. झाल्या. गावी गेल्या तेव्हा एका मामानं विचारलं, हे समाजशास्त्र म्हणजे असतं तरी काय? त्या म्हणाल्या, "गावात जे सगळ्यांना माहीत असते ना मामा, ते कागदावर आणायचं."

"अन् त्याच्यासाठी एम.ए.?"

"कागदावर नसलं तं ते वर्ध्याच्या कचेरीत कोणालेच माहीत नसते."

मामांना ते पटलं की नाही ठाऊक नाही. मला मात्र टेंभरीनंतर पटलं.

टेंभरी हे तेव्हा हिंगणघाट तहसिलीतलं गाव, जामच्या चौरस्त्यापासून आठ किलोमीटर आत. १९७९ च्या जानेवारीत तिथे रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम निघालं. आमच्या मंडळानं जयवंताबाईंना पाहणीला पाठवलं, ते बायांना काम किती दिवस मिळतं हे मोजायला. त्या पहिल्या दिवशी गेल्या तेव्हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, शंभरेक माणसं होती. पुरुष खणत होते, बाया टोपली वाहत होत्या. बाभळींना सहा झोळ्या टांगलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली सोळा लहान पोरं तीन मुलींच्या ताब्यात होती. तिघींतली मोठी दहा वर्षांची, नाव कमला. एका पायानं ती झोळीला झोका देत होती, कडेवर एक मूल होतं, आणि मांडीखाली पाटी दाबून ठेवली होती.

"पाटी काऊन लपवली?" जयवंताबाईंनी विचारलं.

"लपवली नाई. हे पोट्टे तोंडात घालतात."

"शाळेत नाई जात?"

"गुरुजी म्हनते, दोन एप्रिलपर्यंत आली नाई तं चौथीच्या परीक्षेले बसू देनार नाई."

"मग?"

कमलानं खांदे उडवले आणि झोळ्यांकडे बोट दाखवलं. एवढ्या पोरांना टाकून जायचं कुणाच्या भरवशावर?

योजनेच्या नियमांत पिण्याचं पाणी होतं, सावली होती आणि कामावर लहान मुलं असतील तर पाळणाघरही होतं. त्यासाठी एका बाईला पूर्ण मजुरीवर नेमायची सोय होती. जयवंताबाई हजेरी ठेवणाऱ्या मुकादमाकडे गेल्या. मुकादम बबनराव गावचाच, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. त्यानं हजेरीपट उघडून दाखवला. त्यावर एकाही बाईचं नाव नव्हतं. एका ओळीत लिहिलेलं होतं 'चिंधू व जोडी', दुसऱ्या ओळीत 'रूपराव व जोडी', तिसरीत 'लहानू व जोडी'. प्रत्येक ओळीला एकच अंगठा, तो नवऱ्याचा. दोघांची मजुरी नवऱ्याच्या हातात पडायची, आणि ती मोजताना गड्याचे चार रुपये आणि बाईचे दोन सत्तर. कायद्यानं दर दोघांना एकच होता.

"बबनराव, बायांची नावं कुठं आहेत?"

"त्याच सांगत नाईत, बाई. मी विचारून थकलो. अनुसया म्हनते. अहो, पाच अनुसया आहेत! नवऱ्याचं नाव सांग म्हटलं का पदर तोंडात. मी काय मनानं लिहू? उद्या साहेब आले तं माही नोकरी जाईल."

यात त्याचं खोटं काही नव्हतं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हा टेंभरीचा रिवाज होता, तसा तो आसपासच्या सगळ्याच गावांत होता. नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं कामावरच्या सगळ्यांत वयस्क तानाबाईनं जयवंताबाईंना बजावून सांगितलं. पण त्या रिवाजाची बबनरावला सोय झाली होती, हेही तितकंच खरं. बाई कागदावर नाही, म्हणून आई नाही. आई नाही म्हणून मूल नाही. मूल नाही म्हणून पाळणाघर नाही. आणि पाळणाघर नाही म्हणून कमला बाभळीखाली.

जयवंताबाईंनी ठरवलं की नावं आणायची. दोन एप्रिलच्या आत.

पहिल्या दिवशी त्यांनी उखाण्याचा मार्ग काढला. उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायला कुणाची हरकत नसते. पण त्याचा असा परिणाम झाला की एकीनं चांगला घेतला म्हणून दुसरी आधी मनात जुळवून मगच उभी राहायची, तिसरीचा ऐकून चौथी म्हणायची की हा तर माझ्या नणंदेचा आहे, आणि दुपारच्या सुट्टीच्या तासाभरात अकरा नावं झाली. त्यांतल्या दोन नावांवर भांडण. बबनराव लांबून म्हणाला, "बाई, काम होऊन राह्यलं का लग्न लागून राह्यलं?"

दुसऱ्या दिवशी जयवंताबाईंनी वेगळी रीत काढली. स्वतःच्या नवऱ्याचं नाव घेता येत नाही, दुसरीच्या नवऱ्याचं घेता येतं. सगळ्या बायांना त्यांनी एका रांगेत उभं केलं. पोरं आईला सोडेनात म्हणून गोळ्या वाटल्या. रांगेतल्या प्रत्येकीनं आधी स्वतःचं नाव सांगायचं आणि मग आपल्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या नवऱ्याचं. रांग भराभर सरकली. दीड तासात सत्तेचाळीस अंगठे झाले. शेवटी यादीत पहिलीच्या, म्हणजे सीताबाईच्या ओळीत नवऱ्याची जागा रिकामी दिसली. "कोणाचा नवरा राहिला गं?" म्हणून जयवंताबाईंनी विचारलं तेव्हा बायांनी सांगितलं, लहानू राहिला. त्यांनी तिथे लहानू लिहिलं आणि ताव पिशवीत घातले.

ती यादी मी नऊ मार्चला तपासली. बाया सत्तेचाळीस, नवरे सत्तेचाळीस, अंगठे सत्तेचाळीस. एकही जागा रिकामी नाही, एकही नाव दोनदा नाही, बबनरावच्या पटावरच्या सत्तेचाळीस जोड्यांशी गडीमाणसांची नावं तंतोतंत जुळत होती. मी सही केली. पुढे काय झालं ते पाहता एवढंच म्हणतो की बेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही. वाणिज्य शाखेत हे पहिल्या वर्षी शिकवतात. मी ते वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी टेंभरीला शिकलो.

अर्ज गेला. चौकशीची तारीख बावीस मार्च लागली. चौकशी अधिकारी स्वतः कामावर येणार, यादी वाचणार, आणि ती खरी निघाली तर त्याच आठवड्यापासून बायांची हजेरी वेगळी व पाळणाघर सुरू. खोटी निघाली तर अर्ज निकाली. दुसरी तारीख मिळायला पावसाळा उजाडला असता आणि तोवर कमलाची परीक्षा होऊन गेली असती.

यादीवर माझी सही होती म्हणून मलाही जावं लागलं. जामला उतरून आम्ही चहा घेतला आणि एक बैलबंडी पकडून टेंभरीला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. अधिकाऱ्यांसाठी शाळेतून खुर्ची आणलेली होती. साहेब बारीक आवाजाचे, घाम पुसून पुसून रुमाल ओला झालेला. बाया एका बाजूला खाली बसल्या होत्या, गडी पाळीवर. कमला बाभळीखाली झोळ्यांपाशी होती. तिची आई अनुसयाबाई दुसऱ्या ओळीत बसली होती, आणि पाळीवर बसलेला तिचा बाप चिंधू उगाच कुदळीच्या दांड्यावरची माती खरवडत होता.

साहेबांनी पहिलं नाव वाचलं. "सीताबाई लहानू. बरोबर?"

सीताबाई बावीस वर्षांची. तिनं मान खाली घातली.

"बाई, बरोबर आहे का? हो की नाही?"

सीताबाईनं मान हलवली. नाही.

"मग नवऱ्याचं नाव काय?"

तिनं पदर तोंडात धरला.

साहेबांनी दुसरं नाव घेतलं. "अनुसयाबाई रूपराव."

अनुसयाबाईनं डोळ्यांपर्यंत पदर ओढला. रूपराव तिचा चुलत दीर. बायांत कुजबुज सुरू झाली, कुणीतरी फिस्सकन हसलं. तिसरं नाव वाचलं, तेही चूक. चौथंही चूक.

बबनराव पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर मला वाटतं आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस होता. "साहेब, पाहा. मी बोलत नव्हतो? मी एकाही बाईचं नाव चुकीचं लिहिलं नाई, कारन मी लिहिलंच नाई! या बाईनं तं एका दिवसात सत्तेचाळीस घरचे नवरे बदलून टाकले!"

पाळीवरचे गडी मोठ्यानं हसले. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. ते टोपण लावताना झालेला टक्क आवाज मला अजून आठवतो, कारण त्याच वेळी मी जयवंताबाईंकडे पाहत होतो. त्या यादीच्या दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून एकेक ओळ खाली जात होत्या. मग त्यांचं बोट थांबलं.

"साहेब, एक ओळ घसरली आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. प्रत्येकीनं पुढच्या बाईच्या नवऱ्याचं नाव सांगितलं आणि मी ते सांगणारीच्याच ओळीत लिहिलं. सगळे नवरे एकेक ओळ वर सरकवा, म्हणजे यादी खरी होते. आणि पहिल्या ओळीतला लहानू शेवटच्या ओळीत न्या."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी यादी पाहिली, मान डोलावली, पण पेन उघडलं नाही. "थूलबाई, तुमचं खरंही असेल. पण मी कुणाच्या शब्दावर सरकवू? तुमच्याच? अंगठा बाईचा आहे. नाव बाईनं सांगायला पाहिजे. एकेकीनं उभं राहून आपल्या नवऱ्याचं नाव सांगावं, मी दुरुस्त करतो."

सत्तेचाळीस बाया जमिनीकडे पाहत राहिल्या. जयवंताबाईंनी कुणालाही उठवलं नाही, की कुणाला विनवलं नाही.  बाभळीखाली एक पोर रडायला लागलं आणि कमलानं त्याला उचलून घेतलं.

तेव्हा बबनराव गप्प बसता तर पुढचं काही झालं नसतं. पण त्याला आपल्या विजयाची आणखी थोडी चव घ्यायची होती. त्यानं साहेबांच्या खांद्यावरून वाकून यादीतलं पहिलं नाव पुन्हा वाचलं आणि पाळीकडे वळून ओरडला, "वा लहानूबुवा! साठीले आले अन् बावीस वर्साची सीताबाई कागदावर करून बसले! तानाबाईले सांगतलं का?"

लहानू म्हातारा पाळीवर चिलीम भरत होता. त्याच्या हातून तंबाखू सांडला.

बायांच्या मागच्या टोकाला तानाबाई ताडकन उभी राहिली. "बबन्या! तोंड सांभाळ! माह्या लहानूले काऊन बदनाम करून राह्यला रे? पस्तीस वर्स झाले, या हातानं रांधून घालून राह्यली मी त्या लहानूले! लहानू माहा आहे! लिहा साहेब, तानाबाई लहानू! कोन म्हनते सीतीचा म्हनून?"

 तानाबाईला काय झालं ते सगळ्यांत शेवटी कळलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि घाबरून पाळीकडे पाहिलं. म्हणाली, "आता गं माय! चारदा घेतलं. आता मरते का काय हा?"

लहानूनं सांडलेला तंबाखू वेचून चिलमीत भरला. "मी काई मरत नाई," तो म्हणाला. "तुह्या दोन सत्तरचे चार होऊन राह्यले, अन् मी आत्ताच कसा मरू?"

जे हसू फुटलं त्यात साहेबही होते. हसता हसता त्यांनी पेन उघडलं आणि लाल शाईनं शेवटच्या ओळीत लिहिलं, तानाबाई लहानू. खाली आद्याक्षरं केली.

मग अनुसयाबाई उठली. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, बाभळीकडे एकदा पाहिलं आणि साहेबांकडे तोंड करून हळू पण स्पष्ट म्हणाली, "अनुसयाबाई चिंधू."

चिंधूनं मान खाली घातली. पण कुदळीचा दांडा खरवडायचं थांबवलं.

सीताबाई तरुण, तिला तसं कोरडं नाव घेणं जमेना. तिनं उभं राहून उखाणा घेतला. "टोपल्यात माती, मातीत खडे, रूपरावांचं नाव घेते साहेबांपुढे." पाळीवरून रूपरावला इतक्या थापा पडल्या की तो खाली घसरला. त्यानंतर बाया स्वतःहून उठू लागल्या. कुणी कुजबुजत, कुणी ओरडून, कुणी आधी नवऱ्याला "ऐकून घेजो" म्हणून. ओमप्रकाशची नवी नवरी तर दोनदा उठली, पहिल्यांदा साहेबांना ऐकू गेलं नाही म्हणून. साडेबारा वाजेपर्यंत आठही ताव लाल झाले होते. लेखी कामात इतक्या दुरुस्त्या असलेला कागद मी एरवी परत केला असता. त्या दिवशी मी त्यावर पुन्हा सही केली.

सगळंच मिळालं नाही. आधीच्या आठवड्यांचा बायांच्या मजुरीतला फरक साहेबांनी दिला नाही. ते हजेरीपट बंद झाले, त्यांना आता हात लावता येत नाही, असं ते म्हणाले. जयवंताबाईंनी त्यासाठी आणखी दोन अर्ज केले, दोन्ही परत आले. ते त्यांच्या मनाला लागून राहिलं.

पण त्या आठवड्यापासून हजेरीवर सत्तेचाळीस नावं वेगळी आली, आणि मजुरीच्या दिवशी प्रत्येक बाईनं स्वतःच्या अंगठ्यावर चार रुपये रोजानं पैसे घेतले. तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांचा मांडव उभा राहिला, त्यात झोळ्या गेल्या, पाण्याचा रांजण आला, आणि पोरं सांभाळायला पूर्ण मजुरीवर तानाबाईची नेमणूक झाली. बबनराव आता रोज सत्तेचाळीस नावं जास्त लिहायचा. एकदा मी गेलो तेव्हा बोटं दाखवून म्हणाला, "वासुदेवराव, हाताले घट्टे पडले."

तानाबाईनं मांडवातूनच उत्तर दिलं, "आमच्या डोक्याले पडले ते कोनी पाह्यले नाई."

दोन एप्रिल सोमवारी कमला पाटी घेऊन शाळेत गेली. जयवंताबाई त्या दिवशी स्वतःच्या खर्चानं टेंभरीला गेल्या होत्या. त्याचं बिल त्यांनी दिलं नाही. परत आल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, "शाळेच्या खिडकीतून पाहिली. तिसऱ्या रांगेत बसली होती."  कमला चौथी पास झाली, वर्गात दुसरी.

त्यानंतरची दहा वर्षं जयवंताबाईंनी जिल्हाभर याच पद्धतीनं काम केलं. नावं उभी राहून आणि मोठ्यानं घेतलेली. सायकलीवरून त्या लुनावर आल्या एवढाच फरक. कापसाच्या जिनिंगमध्ये मुलींचं वय वाढवून लिहायचे, तिथे त्या शाळेचे दाखले घेऊन उभ्या राहिल्या. बालविवाह थांबवायला गेल्या तेव्हा एका गावात त्यांच्या लुनाची हवा सोडली, दुसऱ्या गावात नवरीच्या आजीनंच त्यांना मागच्या दारानं आत घेतलं. १९८६ पर्यंत त्यांनी एकवीस कामांवर आणि सहा जिनिंगमध्ये पाळणाघरं सुरू करवली. हा आकडा माझ्याकडच्या कागदांवरून घेतला आहे. त्यांना विचारलं तर त्या फक्त बंद पडलेली चार सांगतील.

१९८४ च्या जानेवारीत झिम्बाब्वेहून एक समाजशास्त्रज्ञ बाई वर्ध्याला अभ्यासाला आल्या होत्या, थेंबेकिले न्द्लोवू. आपल्या देशात मुलींच्या जन्मनोंदी आणि बायांची मजुरी यांवर त्यांचं काम होतं. जयवंताबाईंकडून त्यांनी टेंभरीची यादी समजून घेतली आणि चार दिवस त्यांच्यासोबत फिरल्या. टेंभरीला तानाबाईच्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं की त्यांच्या आजीच्या काळी सून सासऱ्याचं नाव तोंडात आणत नसे, त्या नावासारखा लागणारा साधा शब्दसुद्धा टाळून दुसरा वापरायची. जयवंताबाईंनी ते मराठीत सांगितलं. तानाबाईनं पाहुणीचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "म्हनजे आपल्यासारखंच की वं माय. मग तिकडं हजेरीचं मस्टर कसं लिहितात?"

न्द्लोवूबाई म्हणाल्या, "ते विचारायलाच तर मी इतक्या लांब आले."

लहानूबुवा तेव्हा बाजेवर बसून ऐकत होते. तब्येत ठणठणीत होती. नाव घेतल्याला पाच वर्षं होत आली होती.

मुलांना सांभाळण्यासाठी गोळ्यांसारखा किरकोळ खर्च वारंवार येतो हे दिसल्यावर १ एप्रिल १९८० पासून मी मंडळाच्या खात्यात 'बालसंगोपन, किरकोळ' असं स्वतंत्र सदर उघडलं होतं. गोळ्या, बिस्किटं, खुळखुळे त्यात बसतात. गेल्या दिवाळीत, १९८८ साली, त्या सदराखाली दोन बिस्किटपुड्यांचं एक बिल माझ्या टेबलावर आलं. सोबत देवळी भागातल्या अठ्ठावन्न बायांची यादी, नवऱ्यांची नावं जिथल्या तिथे. बिल आणणारी मुलगी कॉलेजच्या सुट्टीत मंडळाच्या पाहणीला आलेली होती. वर्ध्याला बी.ए. करत होती, विषय समाजशास्त्र. बिलावरची सही 'कमला अनुसया चिंधू' अशी होती.

"आईचं नाव मध्ये?" मी विचारलं.

"टेंभरीच्या यादीत तिचं नाव वडिलांच्या आधी आहे," ती म्हणाली. मी बिल मंजूर केलं.

जयवंताबाई पलीकडच्या टेबलावर होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बिस्किटं बसतात तर वासुदेवराव, माझ्या गोळ्या?"

नवीन सदर १९८० पासूनचं आहे. गोळ्यांचं बिल १९७८-७९ चं, त्या वर्षीचे हिशेब तपासून बंद झाले आहेत. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो, तेव्हा नव्या लेखापालाला ज्या बाबी सोपवायच्या आहेत त्यांत ही लिहिली आहे. श्रीमती जयवंता थूल यांना मंडळाकडून एक रुपया ऐंशी पैसे येणे आहेत. अद्याप दिलेले नाहीत.